रेडियममध्ये रेडियम नसतं!
(रात्री सायकल हाणणाऱ्यांसाठी, आणि त्यांची वाट बघणाऱ्या रूममेट्ससाठी)

"अरे टेन्शन नको घेऊ, रस्ता पाठ आहे आपल्याला. डोळे मिटून जाईन आणि येईन!"

रात्री दहा-साडेदहाच्या सुमाराला हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. सबमिशनच्या आठवड्यात तर रोजच. कुणाला झेरॉक्स काढायची असते, कुणाला मेसच्या भाजीवर सूड म्हणून हायवेवरच्या टपरीवर अंडाभुर्जी खायची असते, कुणाला सकाळच्या गाडीचं तिकीट काढायचं असतं. सायकल कुणाची तरी, चावी कुणाकडे तरी, आणि दिवा? दिवा कुणाच्याच सायकलला नसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चांदणं आहे की! सगळं दिसतं."

मंडळी, सगळा घोळ या "दिसतं" शब्दात आहे. तुम्हाला दिसणं आणि तुम्ही दिसणं या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रकचे दोन हेडलाईट तुम्हाला अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात. त्यामुळे मनाला वाटतं की ज्याअर्थी मला तो दिसतोय, त्याअर्थी त्यालाही मी दिसत असणार. पण त्याच्याकडे दिवा आहे आणि तुमच्याकडे नाही! पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये एवढं समजायला काही अडचण येत नाही, रस्त्यावर मात्र आपण ते साफ विसरतो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडले, तर सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. म्हणजे नेमके अंधार पडताना, जेव्हा आपण "जरा चक्कर मारून येतो" म्हणून बाहेर पडतो. म्हणून यंदाच्या अंकात थोडं प्रकाशाविषयी. घाबरू नका, डेरिव्हेशन कमी आहेत.

आधी गणित, मग गप्पा

समजा, एक जीप ताशी ६० किलोमीटरने येतेय. सेकंदाला साधारण १६.७ मीटर. ड्रायव्हरला पुढे काहीतरी दिसलं, ते काय आहे हे डोक्याने ओळखलं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर ठेवला, याला दीड सेकंद धरू. तंद्रीतल्या माणसाला याहून जास्त लागतो, पण आपण त्याला पास करू. या दीड सेकंदात जीप २५ मीटर पुढे आलेली असते, आणि ब्रेक अजून लागलेला नसतो! आता कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला आणि मंदन सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद मिळालं, तर आपलं अकरावीचं समीकरण सांगतं की थांबायला आणखी २३ मीटर लागतील. एकूण ४८ मीटर.

म्हणजे चेन पडलीय म्हणून तुम्ही रस्त्याच्या कडेला वाकून ती बसवत असाल, तर ड्रायव्हरला तुम्ही निदान ४८ मीटरवरून दिसायला हवेत.

तुम्ही चालत्या सायकलवर त्याच दिशेने ताशी १५ ने जात असाल तर थोडी सवलत मिळते, कारण मग सापेक्ष वेग ४५ चा होतो. दीड सेकंदाचे १९ मीटर आणि ब्रेकचे १३, असे ३२ मीटर. जीप ८० ने येत असेल तर हाच हिशोब ५४ मीटरवर जातो. पाऊस पडून गेलेला असेल, टायर गुळगुळीत असतील, गाडी ऊस भरलेला ट्रक असेल, तर पुढचं गणित तुम्हीच करा.

आता प्रश्न असा, की डिपरवर चालणाऱ्या गाडीच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस किती अंतरावरून दिसतो? ढोबळमानाने २५ ते ३० मीटर. पांढरा शर्ट असेल तर त्याच्या दीडपट-दुप्पट.

लागतात ३२, मिळतात ३०. बाकी काही सांगायला नको. काळ्या टी-शर्टातला, बिनदिव्याचा मुलगा रोज सुखरूप परत येतो तो कुठल्याही कौशल्यामुळे नाही. समोरचा ड्रायव्हर जागा होता, वेग जरा कमी होता आणि रस्ता कोरडा होता म्हणून तो परत येतो. या तिन्ही गोष्टी त्या मुलाच्या हातात नाहीत.

डोळा नावाचं यंत्र

ड्रायव्हरच्या बाजूनेही थोडा विचार करू. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि लाल रंग तर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून दुपारी झगमगणारा लाल टी-शर्ट रात्री काळा ठिक्कर दिसतो. फिजिऑलॉजीच्या पुस्तकात याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. तुमचा लकी लाल टी-शर्ट रात्रीच्या रस्त्यावर अजिबात लकी नाही.

दुसरी गंमत म्हणजे डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती सवय मोडायला समोरच्या गाडीचा एक अप्पर पुरतो. समोरून झगझगीत उजेड आला की तो डोळ्याच्या आतच विखुरतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा पसरतो. धुळीने माखलेल्या काचेतून बघावं तसं. त्या दोन-चार सेकंदांत कडेची सायकल त्या पडद्यात विरघळून जाते. आपल्याकडच्या ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाईट' असं रंगवलेलं असतं ते उगीच नाही. पण समोरचा डिपर मारेल यावर आपली हाडं पैजेला लावण्यात अर्थ नाही.

त्यात वयाचा भाग वेगळा. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारातही कमी उघडते, भिंग थोडं गढूळ होतं. पन्नाशीच्या ड्रायव्हरला तुमच्या-माझ्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो. एसटीचा, ट्रकचा, टेंपोचा अनुभवी ड्रायव्हर बहुतेक वेळा त्याच वयाचा असतो.

आता रेडियमची गोष्ट

गावातल्या नंबरप्लेटवाल्याकडे जा आणि "रेडियम द्या" म्हणा. तो लगेच चमकणाऱ्या पट्टीचा रोल काढेल. या पट्टीत रेडियम औषधालाही नसतं! क्युरी पती-पत्नींनी १८९८ साली शोधलेलं रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळाच्या काट्यांना लावत, आणि ते काटे अंधारात स्वतःहून चमकत. तो रंग लावणाऱ्या कामगार बायकांची त्याने फार वाईट अवस्था केली, आणि पुढे त्याचा वापर बंद झाला. आपल्याकडे मात्र अंधारात चमकेल ते रेडियम हे नाव चिकटून राहिलं.

नावामुळे एक गैरसमजही चिकटला, की ही पट्टी स्वतः चमकते. पट्टी स्वतः काहीही करत नाही. ती फक्त आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते. याला प्रतिपरावर्तन म्हणतात, आणि ते साध्या परावर्तनाहून वेगळं आहे.

तीन प्रकार लक्षात घ्या. पहिला, आरसा. उजेड तिरका आला तर दुसऱ्या बाजूला तिरका निघून जातो, ड्रायव्हरला काहीच मिळत नाही. म्हणून सायकलचं चकचकीत स्टीलचं मडगार्ड रात्री फारसं उपयोगाचं नाही. दुसरा, पांढरा शर्ट. तो आलेला उजेड चहूकडे उधळतो. आकाशाला थोडा, झाडांना थोडा, आणि ड्रायव्हरच्या वाट्याला उरलासुरला. तिसरी, रेडियमची पट्टी. ती उजेडाचा बहुतेक भाग एका अरुंद झोतात गाडीकडे परत पाठवते. त्यामुळे साधी, स्वस्तातली पट्टीसुद्धा ड्रायव्हरच्या नजरेतून पांढऱ्या कापडापेक्षा शेकडो पट उजळ दिसते. दीडशे मीटरवरून सहज.

हे होतं कसं? दोन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती काचेच्या मण्यांची. पट्टीवर मिठाच्या कणाहून बारीक असे असंख्य गोल मणी असतात. मण्यात शिरलेला किरण वाकतो, मागच्या पृष्ठभागापाशी एका बिंदूत येतो, तिथल्या चकचकीत थरावर आपटतो आणि आला त्याच वाटेने परत जातो. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५, त्यात किरण मण्याच्या मागे जरा लांब एकत्र येतात. म्हणून चांगल्या पट्टीसाठी १.९ च्या आसपास अपवर्तनांकाची खास काच वापरतात. मांजराचे डोळे रात्री चमकतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायच्या चमकणाऱ्या खुणांचं पेटंट घेतलं तेव्हा त्यांनी नावही तेच दिलं, 'कॅट्स आय'.

दुसरी युक्ती कोपऱ्याची. खोलीच्या एका कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकमेकींना काटकोनात मिळतात. तिन्हींवर आरसे आहेत असं समजा आणि त्यात टेबल टेनिसचा चेंडू मारल्यासारखा किरण सोडा. पहिल्या आरशावर त्याचा एक्स घटक उलटा होतो, दुसऱ्यावर वाय, तिसऱ्यावर झेड. तिन्ही घटकांची चिन्हं बदलली, म्हणजे किरण बरोबर उलट्या दिशेने परत! व्हेक्टर शिकताना "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी आपल्या सायकलच्या मागचा लाल प्लास्टिकचा रिफ्लेक्टर जवळून बघावा. आत असे कित्येक बारके कोपरे दिसतील.

हाच कोपरा चंद्रावरही गेला आहे. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे अशा १०० कोपऱ्यांचं एक पॅनल ठेवलं, आणि पृथ्वीवरून लेझर मारून चंद्राचं अंतर मोजलं गेलं. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेला असा एक छोटा परावर्तक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकेच्या यानाने त्यावर लेझर मारला आणि उजेड परत आला. चंद्रावरच्या गाडीला रिफ्लेक्टर आहे आणि आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडवरच्या निम्म्या सायकलींना नाही!

पट्टी कुठे लावायची?

आता महत्त्वाचा भाग. पट्टी लावायची हे ठरलं, पण कुठे? बहुतेक जण मडगार्डला किंवा कॅरिअरच्या मागे लावतात. छान आहे, राहू द्या. पण रस्त्यावर रात्री चमकणारे ठिपके शंभर असतात. किलोमीटरचा दगड, पुलाचा कठडा, पत्र्याची पाटी, फेकलेली बाटली. ड्रायव्हरला ठिपका दिसतो, पण "हा माणूस आहे" हे कळत नाही, तोवर पाय ब्रेककडे जात नाही.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना, घोट्यांना छोटे प्रकाशबिंदू लावले आणि बाकी पूर्ण अंधार केला. माणूस स्थिर उभा असताना बघणाऱ्यांना नुसते ठिपके दिसायचे. तो चालायला लागला की क्षणात कळायचं, हा माणूस चालतोय. माणसाची हालचाल ओळखण्यात आपला मेंदू इतका तरबेज आहे.

याचाच उपयोग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात रात्री वाहतूक बंद असलेल्या रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला दिली आणि सायकलस्वार ओळखता येतो का ते पाहिलं. काळ्या कपड्यातला सायकलस्वार फक्त २ टक्के वेळा ओळखला गेला. झगझगीत फ्लोरोसंट जाकीट घातलेला १५ टक्के. परावर्तक पट्ट्यांचं जाकीट घातलेला ५० टक्के. आणि त्याच जाकिटाच्या जोडीला गुडघ्यांना आणि घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधलेला? ९० टक्के!

दोन गोष्टी इथे टिपून ठेवा. पहिली, नुसत्या पोपटी किंवा केशरी 'निऑन' रंगावर रात्री विसंबू नका. तो रंग दिवसाच्या उजेडातल्या अतिनील आणि निळ्या किरणांवर जगतो, आणि हेडलाईटमध्ये ते फार कमी असतात. जाकिटावरची राखाडी पट्टीच रात्री काम करते. दुसरी, पाय हलतात म्हणून पायाला पट्टी. पेडलबरोबर ती वर-खाली होते आणि ड्रायव्हरच्या मेंदूला थेट निरोप जातो, "सायकलवाला आहे!" शिवाय डिपरचा उजेड खाली आणि आपल्याकडे डाव्या कडेला जास्त पडतो. म्हणजे गाडीच्या उजेडात सगळ्यात आधी येतात ते तुमचे पाय. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलींना रात्री पेडलवर पिवळे रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत, ते याचसाठी.

पेडल रबराचं असेल तर पट्टी त्यावर टिकत नाही. मग सोपा उपाय म्हणजे बुटाच्या किंवा चपलेच्या टाचेला मागून एक तुकडा चिकटवा. किंवा जुन्या पट्ट्यावर रेडियम लावून तो घोट्याला बांधा. पँट चेनमध्ये अडकायची नाही, हा वरचा फायदा.

पट्टी असेल तर दिवा कशाला?

कारण पट्टी उधारीवर जगते. कुणाचा तरी उजेड तिच्यावर पडला तरच ती चमकणार. बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या बाईकचा उजेड तुमच्यावर नसतो. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांकडे हेडलाईट नसतो. समोरून येणारी दुसरी बिनदिव्याची सायकल तर तुमचीच भावकी! शिवाय पट्टी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. कारमध्ये चालकाचा डोळा हेडलाईटच्या जरा वर असतो, पण ट्रकमध्ये तो बराच उंच असतो. त्यामुळे त्याच पट्टीचा ट्रकवाल्याला कारवाल्यापेक्षा कमी लाभ होतो. धूळ-चिखल बसला तर आणखी कमी.

म्हणून मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा हवाच. घरच्या मोठ्यांना विचारा, डायनॅमो आठवेल. टायरला बाटलीसारखा टेकवायचा, घरघर आवाज व्हायचा, आणि सहा व्होल्ट, तीन वॅटचा पिवळा उजेड पडायचा. पुण्याची सायकलींचं शहर अशी ओळख होती तेव्हा बिनदिव्याची आणि डबलसीट सायकल पोलिसांनी पकडली हा रोजचा विषय असायचा. डायनॅमोचा एकच दोष, सायकल थांबली की दिवाही गुल. नेमका चौकात, जिथे दिसणं सगळ्यात गरजेचं, तिथेच अंधार.

आज एलईडीमुळे तो प्रश्न संपला. एका बाहेरच्या जेवणाच्या पैशात मागचा लाल दिवा मिळतो आणि एकदा चार्ज केला की कित्येक तास चालतो. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. स्थिर दिव्याने अंतर कळतं. दोन्ही असतील तर उत्तम, एकच असेल तर रस्त्यावरच्या अंधाऱ्या भागात स्थिर ठेवा. पुढचा दिवा खाली, रस्त्यावर आठ-दहा मीटरवर पडेल असा वळवा. तो आकाशाकडे ठेवून समोरच्याचे डोळे दिपवले, तर आपणच वर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यात जमा!

आणि हो, तोंडात किंवा हातात मोबाईलचा टॉर्च हा दिवा नव्हे. एक हात गुंतला म्हणजे एक ब्रेक गेला. मागून येणाऱ्याला तर त्यातलं काहीच दिसत नाही.

"राँग साईडने जातो, समोरचं दिसतं!"

हा युक्तिवाद हॉस्टेलमध्ये फार लोकप्रिय आहे, म्हणून त्याचंही गणित. डाव्या बाजूने जाताना ६० च्या जीपशी तुमचा सापेक्ष वेग ४५. उलट बाजूने आलात की ६० अधिक १५, म्हणजे ७५. सेकंदाला जवळपास २१ मीटर. ड्रायव्हरच्या दीड सेकंदात ३१ मीटर संपतात. तुम्ही त्याला दिसता ३० मीटरवर. म्हणजे त्याचा पाय ब्रेकवर पोचण्याआधीच विषय संपलेला असतो.

"पण मी बाजूला होईन ना!" कुठे होशील? डोळ्यावर हेडलाईट आहे, कडेचा खड्डा दिसत नाही, डांबर आणि मुरूम यांच्यात वीतभर उतार आहे. शिवाय सायकलचा लाल रिफ्लेक्टर मागे असतो. उलट बाजूने गेलात की तो सगळ्यात जवळून येणाऱ्या गाडीकडे पाठ करून बसतो. पायी चालणाऱ्याला समोरची गाडी दिसेल अशा बाजूने चालायला सांगतात, कारण तो संथ असतो आणि एका पावलात रस्त्याखाली उतरू शकतो. सायकलला ते जमत नाही.

आज रात्रीचं प्रॅक्टिकल

विश्वास बसत नसेल तर करून बघा. साहित्य: एक सायकल, वीतभर रेडियमची पट्टी, एक मोबाईल, दोन मित्र. कृती: ग्राउंडच्या अंधाऱ्या टोकाला सायकल पाठमोरी उभी करा, शेजारी काळ्या आणि पांढऱ्या शर्टातला एकेक मित्र. तुम्ही चाळीस पावलं मागे जा. मोबाईलचा टॉर्च कानाजवळ, डोळ्याच्या अगदी शेजारी धरून सायकलकडे मारा. पट्टी भक्कन उजळेल. पांढरा शर्ट अंधुक दिसेल, काळा शोधावा लागेल. आता टॉर्च तसाच सायकलवर रोखून हात पूर्ण लांब करा. पट्टीचा उजेड लगेच कमी होईल. उजेड परत जातो तो दिव्याकडे, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग एका मित्राला टाचेला पट्टी लावून सायकल चालवायला सांगा. निष्कर्ष लिहायला जर्नल लागणार नाही.

स्टँडवरच्या सगळ्या सायकली

एक शेवटचा मुद्दा. रात्री सायकलवर फक्त आपणच नसतो. आपली जेवणं उरकल्यावर भांडी घासून मेसचे काका गावाकडे निघतात तेव्हा अकरा वाजलेले असतात. वॉचमनची पाळी बदलते तीही रात्रीच. आपली चक्कर हौसेची, त्यांची रोजची, आणि त्यातला बराच भाग दिवे नसलेल्या रस्त्याचा. ऊसतोडीच्या हंगामात त्याच रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॉल्यांची रांग असते. त्या बैलगाड्यांना मागे रेडियम लावण्याच्या मोहिमा आपल्या भागात होतात, मग आपल्या स्टँडवर का नको?

केंद्र सरकारने सायकलच्या परावर्तकांसाठी २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. पण आपल्या स्टँडवरच्या सायकली सिनियरकडून ज्युनियरकडे वारशाने येतात. कुठल्या बॅचच्या आहेत ते त्यांच्या मडगार्डलाही आठवत नसेल. सायकलला लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही, म्हणून तिला कुणी तपासतही नाही. तेव्हा आपणच तपासायची.

एनएसएसच्या मंडळींना एक विनंती. एका रविवारी सकाळी एक रोल, एक कात्री आणि एक ओलं फडकं घेऊन स्टँडवर बसा. मागच्या मडगार्डवरची धूळ पुसा, ती जागा कोरडी करा आणि मग चिकटवा. ओल्या धुळीवर लावलेली पट्टी आठवड्यात पडते. मागे लाल, पुढे पांढरा, टाचेला पिवळा किंवा पांढरा, कारण लालपेक्षा हे दोन रंग जास्त उजेड परत पाठवतात. एका सायकलला पाऊण मीटर पुरे. मेसच्या आणि सिक्युरिटीच्या सायकली आधी घ्या, आपल्या नंतर. रोलचा खर्च विंगमध्ये वाटला तर माणशी एका कटिंगचाही येणार नाही.

रस्ता पाठ असेलच तुम्हाला. रस्त्यावरच्या ड्रायव्हरला मात्र तुम्ही पाठ नाही. त्याला तुम्ही दरवेळी नव्याने दिसावे लागता, आणि तेही ४८ मीटर आधी. बाकी अंडाभुर्जी सुखाने खा, आणि येताना रूममेटसाठी एक पार्सल आणा!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी